हात आहेत तोवर

२ फेब्रुवारी, सोमवार

अंधेरी! आले एकदाची. गाडीत डोळ्याला डोळा नाही, आणि तरी झोप येत नाहीये. खिडकीसमोरून मेट्रो जाते – तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून! आतली माणसं माझ्या खोलीत बघतात आणि मी त्यांच्या डब्यात. पडदा लावायला हवा. नाही लावला. बघू दे. मलाही बघायचंय.

आमच्या संस्थेची मुंबईची इंटरप्रिटर बाळंतपणाच्या रजेवर गेली, म्हणून तिच्या जागी नागपूरहून मी. दीड महिना. एकटी. पहिल्यांदाच. शर्मिष्ठा मॅडम – आमच्या मुख्य – निघताना म्हणाल्या, "अस्मिता, घाबरणार नाहीस ना?" मी म्हटलं, "छे!" लय घाबरलेय. पण पानाला सांगायला काय जातं.

घरमालकीण जानकीताई, मालवणच्या. आडनाव विचारलं. गवई म्हटलं. जरा थांबल्या, वरून खालून बघितलं. मग म्हणाल्या, "मासे खातंस मां गो?" खाते म्हटल्यावर खूष! आईचा फोन – "जेवलीस का, दार आतून लाव, जय भीम, ठेवते." थोड्या वेळाने परत तेच.

इथे माणसं चालत नाहीत. पळतही नाहीत. मधलंच काहीतरी करतात. मला जमायला हवं.

४ फेब्रुवारी, बुधवार

बाप्पा! आज जे पाहिलं ते लिहिलंच पाहिजे.

असल्फा मेट्रो स्टेशन. घाटकोपरच्या एका बँकेत काम होतं, ते उरकून परत निघाले होते. फलाटावर जो तो कानाला फोन लावून किंचाळतोय – "हॅलो! आवाज येत नाहीये! हॅलो!" आणि त्या कल्लोळात दोन बायका, एक माझ्या बाजूला, एक रुळांपलीकडच्या फलाटावर, आरामात गप्पा मारतायत. हातांनी! सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन, डॉक्टर किती खडूस, काल भाजी कशी करपली. मधे एवढी माणसं, एकालाही पत्ता नाही. अख्ख्या स्टेशनात ते बोलणं फक्त मला कळत होतं!

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणतात. चोरून बघणंही तेच. पण नजर सुटेना. पलीकडची गाडी आली, ती बाई चढली, आणि बंद काचेतून पुढचं वाक्य बोलली. गाडी हलेपर्यंत बोलत होती. इकडची एकटीच हसत उभी. बाजूचे काका तिच्याकडे 'वेडी दिसते' असे बघत होते. सांगावंसं वाटलं – अहो, ती भाजीवर हसतेय!

मी या भाषेत आले ती शेजारच्या सपनामुळे. ती बहिरी, मी बडबडी. तिच्याशी भांडता यावं म्हणून मी खुणा शिकले. मग कोर्स केला, परीक्षा दिली, नोकरी लागली. पण नागपुरात ही भाषा मी खोल्यांमध्येच पाहिली – वर्गात, ऑफिसात, फार तर गच्चीवर. अशी उघड्यावर, रूळ ओलांडून जाणारी नाही पाहिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून एका गोदामात बहिऱ्या कामगारांचं ट्रेनिंग, हात एक मिनिट खाली नाहीत. खांदे भरून आलेत. जानकीताईंनी सोलकढी दिली. झोपते.

८ फेब्रुवारी, रविवार

वर्सोव्याची जेट्टी. रविवारी सकाळी इथे कर्णबधिर मंडळी जमतात, असं रजेवर गेलेल्या बाईंनी सांगितलं होतं. गेले.

आधी बोंबलांचा वास. नाक धरलं. मग सोडलं. नाक धरून किती वेळ उभी राहणार! होड्यांच्या पलीकडे मोकळ्या जागेत वीस-तीस माणसं – म्हातारे, पोरी, नवराबायको, एक तान्हं बाळ. एवढी भांडणं, एवढे विनोद, एवढा आरडाओरडा मी कुठल्या लग्नातही पाहिला नाही. आणि आवाज म्हणाल तर नुसता चपलांचा. मला बघितल्याबरोबर सगळ्यांचे प्रश्न एकदम. कुठली? लग्न झालं? नागपूरला खरंच एवढं ऊन? बोलण्याआधी कपाळावरची बट मागे सारायची मला सवय आहे म्हणे. मला माहीतच नव्हती! आता तीच खूण माझं नाव. आपलं नाव आपण ठेवायचं नसतं या लोकांत, दुसऱ्यांनी द्यायचं असतं. मला पहिल्याच दिवशी मिळालं. लगेच दोनदा करून बघितलं, खोटं कशाला बोलू.

मग मढची फेरीबोट. दोन दोस्त क्रिकेटवरून हमरीतुमरीवर आले होते. त्यातला एक बोटीत चढला, बोट सुटली. काठावरचे ऐकू येणारे लोक ओरडत होते, "पोचलास की फोन कर!" पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं. त्यांचं बोलणं तिथे संपलं. या दोघांचं चालूच! बोट खाडीच्या मध्यावर – चालू. बोट पलीकडे लागली, तो उतरला, वाळूवर उभा राहून तिथून – 'तुला काय कळतं, तो आऊटच होता!' खाडी मधे असून माणूस भांडतोय! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"तोंड मीट, माशी जाईल," कोणीतरी म्हणालं. म्हणजे हातांनी म्हणालं. इथून पुढे 'म्हणाले' लिहिणार, पानाने समजून घ्यावं.

ते मधुकर सबनीस, मुलुंडचे. साठी ओलांडलेली, पांढरा शर्ट, कडक इस्त्री. ट्रॉम्बेला ड्राफ्ट्समन होते, जन्मभर रेघा मारल्या. बोलणंही तसंच, एक रेघ वाकडी नाही. मी आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात सुंदर बोलणारा माणूस! पण उजव्या हाताचा अंगठा मधूनच दगा देतो. खूण अर्धी राहते. दोस्त चिडवत होते, "म्हातारा बोबडा झाला!" काका त्यांच्याबरोबर हसले.

मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बुधवारी मुलुंडच्या हॉस्पिटलात रिपोर्ट मिळणार. तुझ्या ऑफिसला मीच मेसेज केलाय. मुलगा येईल बरोबर, पण बोलणं तुझ्यातून."

"मुलाला खुणा येत नाहीत?"

"त्याला? तुझ्यापेक्षा चांगल्या येतात!" मग उजवा अंगठा चोळला. "पोरगा चांगला आहे गं. फक्त त्याच्याकडून माझ्यापर्यंत येईतो सगळ्या बातम्या गोड होतात. मला यावेळी बिनसाखरेची हवी."

११ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या हातून काय झालं आज. नीट लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

नियमाने पेशंटबद्दल असं लिहायलाही नको. पण पानाला तोंड नाही.

हॉस्पिटलच्या लिफ्टमध्येच मुकुल भेटला. काकांचा मुलगा, चौतिशीचा, पवईला ऑफिस, गळ्यात अजून ओळखपत्र. लिफ्टमध्ये दाटी, आणि त्या दाटीत छातीशी हात धरून, एवढ्याशा जागेत, बाप-लेक बोलत होते. काका घाबरले होते, मुकुल त्यांना कुठल्याशा लग्नातल्या पंगतीची गंमत सांगून हसवत होता. नुसती बोटं हलत होती आणि मला अख्खी पंगत दिसत होती! कोणाच्या ताटात काय पडलं तेसुद्धा. मी कोर्स केलाय, परीक्षेत पहिली आलेय, पण असं मला या जन्मात जमणार नाही. मी इतकी दिपून गेले की डॉक्टरांच्या खोलीत शिरले ती तशीच, त्याच धुंदीत. "या, या, बसा," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच सुरूच झाले.

आणि मी ते वाक्य बोललेच नाही. आमचं पहिलं वाक्य! खोलीत शिरताच, नमस्काराच्याही आधी सगळ्यांना सांगायचं असतं – 'इथे जे जे बोललं जाईल ते सगळं मी यांना सांगणार. यांना कळू नये असं काही असेल तर माझ्यासमोर बोलू नका.' रोज म्हणते. बँकेत म्हटलं, गोदामात म्हटलं. आज विसरले!

डॉक्टर मुकुलकडे बघून बोलत होते. हाताला हुकूम देणाऱ्या नसा हळूहळू मरतायत. आधी हात, मग बाकी. बरं होणारा आजार नाही. औषधाने थोडा सावकाश जाईल, एवढंच. माझे हात चालू. ऐकायचं आणि सांगायचं, मधे विचाराला जागाच नसते. तेवढ्यात मुकुल घाईघाईने म्हणाला, "थांबा डॉक्टर, हे बाबांना आत्ता नको कळायला. मॅडम, त्यांना सांगा मानेत नस दबलीय, व्यायामाने बरं होईल."

माझ्या हातांनी तेही सांगितलं. जसंच्या तसं. 'थांबा डॉक्टर, हे बाबांना आत्ता नको कळायला.'

मला कळलं तेव्हा हात हवेतच होते. मुकुलने ते पाहिलं – त्याला तर माझ्याहून आधी कळलं असणार. चेहरा पांढराफटक. "काय केलंत तुम्ही! काय केलंत!" मी ते पण सांगितलं! थांबताच येईना. काका मुलाकडे बघत होते. रागाने नाही. कसं ते मला लिहिता येत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबू नकोस. पुढे."

आमच्यात 'ते विचारतायत' असं नसतं. त्यांनी 'मी' म्हटलं की आम्हीही 'मी'च म्हणायचं. म्हणून मी माझ्या तोंडाने डॉक्टरांना विचारलं, "माझं आधी कुठलं बोट जाईल?"

डॉक्टर पहिल्यांदाच काकांकडे वळले. मग म्हणाले, अंगठा. तर्जनी. वर्षभर हात बऱ्यापैकी चालतील, कदाचित जास्त. कोणी नक्की सांगू शकत नाही. मी हे माझ्या अंगठ्याने, माझ्या तर्जनीने सांगितलं. एका बहिऱ्या माणसाला त्याचे हात जाणार हे हातांनीच सांगितलं. ऐकणाऱ्या माणसाची वाचा जाते तेव्हा त्याला निदान लिहिता येतं. यांचं लिहिणंही हातात आणि बोलणंही हातात.

काकांनी डॉक्टरांचे आभार मानले. व्यवस्थित, पूर्ण खूण केली. अंगठा अडखळला, तर परत केली.

बाहेर आल्यावर मुकुल माझ्याशी बोलला नाही. काकांशीही नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तक्रार गेली. सकाळीच मॅडमचा फोन. "पहिलं वाक्य म्हटलं होतंस का?"

"नाही."

"अस्मिता!"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, जे सांगितलंस ते तुझं कामच होतं, त्यात चूक नाही. पण त्या मुलाला बोलायच्या आधी कळायला हवं होतं की त्याचं बोलणं कुठे जाणार आहे. त्याला तू तेवढी संधी दिली नाहीस. आठवडाभर काम बंद. नंतर ठरवू, तिथे राहायचं की परत यायचं.

बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच जास्त लागलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर खोलीत. मेट्रो बघितल्या. जानकीताई म्हणाल्या, "काय गो, तोंड कित्याक पडला?" सांगता येत नाही ना कोणाला! सुरमईचा तुकडा वाढला. रडत रडत खाल्ला. चांगली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार

जाऊ नको, जाऊ नको म्हणत वर्सोव्याला गेलेच. काम म्हणून नाही. रविवार म्हणून. वाटलं होतं, काका येणार नाहीत. आले तरी माझ्याकडे बघणार नाहीत.

मधोमध बसले होते! आणि सगळे गोल करून. तीस माणसं आणि तीस मोबाईल, सगळे काकांवर रोखलेले. काका बोलत होते. ट्रॉम्बेचे साहेब, त्यांची चालायची ढब. लहानपणी बहिऱ्यांच्या शाळेत हातावर पट्टी मारायचे – हातांनी बोलू नका, तोंडाने बोला म्हणून – तेव्हा पोरं बाकाखाली पायांच्या बोटांनी कशी बोलायची, ते. आता कोणी वापरत नाही अशा जुन्या खुणा, एकेक करून, कोणी कधी काढली त्या माणसाच्या नावासकट. अंगठा अडला की डाव्या हाताने. बाबा रे! ऊन चढलं, होड्या गेल्या, परत आल्या, माणूस बोलतोय आणि कोणी जागचं हलत नाही. मीही मोबाईल काढला, पण धरवेना. ठेवून दिला. नुसती बघत बसले. एवढी मोठी गोष्ट माझ्यासमोर चाललीय आणि मी तिथे आहे, हेच खरं वाटत नव्हतं.

दमले तेव्हा मला बोलावलं. मी आधी माफी मागितली. त्यांनी हात झटकला – 'सोड.'

"तू सांगितलं नसतंस तर मी आज घरी मानेचे व्यायाम करत बसलो असतो! हात आहेत तोवर बोलून घेतो आता. इतकी वर्षं हात आहेतच म्हणून किती गोष्टी ठेवून दिल्या."

मग शुभाकाकूंचं सांगितलं, त्यांच्या बायकोचं. त्याही बहिऱ्या. लग्न ठरल्यावर दोघं आरे कॉलनीत जायचे, बसने, जंगलातल्या रस्त्याने. "ऐकणारी जोडपी अंधार शोधतात. आम्ही ऊन शोधायचो. अंधारात आमचं प्रेम मुकं ना!" सांगताना असे लाजले, मला हसूच आलं.

मुकुलचं विचारलं तर हात मांडीवर ठेवले.

"बघत नाही माझ्याकडे. बुधवारपासून."

हे ऐकणाऱ्यांना कळायचं नाही. रागावलेल्याशीही आपण ओरडून बोलू शकतो, दाराबाहेरून बोलू शकतो. बहिऱ्या बापाकडे मुलाने मान फिरवली की बापाचं बोलणं तिथेच संपलं. समोर जाऊन उभं राहावं तर तो डोळे मिटतो, म्हणे. लहानपणी असंच करायचा. तेव्हा काका गुदगुल्या करायचे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुकुल ऑफिसला आला! काम बंद म्हणून मी तिथे फाइली लावत बसले होते. मला वाटलं, आता वाट लागली. नोकरी जाते आजच. पण म्हणाला, "चहा घेऊ या? इथे नको."

खालच्या उडप्याकडे बसलो. दोन चहा. त्याने स्वतःचा पिऊन टाकला, तोंड भाजलं. मग एकदम सुरू.

"तुम्ही कोर्स केलाय मॅडम. मी यात जन्मलोय. घरात ऐकू येणारा मी एकटाच ना! पाच वर्षांचा होतो तेव्हा घरमालकाशी बाबांच्या वतीने मी भांडायचो. शाळेत बाई माझ्या तक्रारी सांगायच्या आणि त्या बाबांना मीच सांगायच्या. आता सगळ्या कोण सांगेल, यार!" हसला. मीही हसले. मग त्याचं हसू गेलं.

"आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. डॉक्टर माझ्यासमोर उकिडवे बसले, म्हणाले, बाळा, बाबांना सांग, आई आता थोड्या दिवसांची सोबती आहे. बाबा माझ्या हातांकडे बघत उभे. मी सांगितलं – आई बरी होणार, लवकरच घरी सोडणार. नाही आलं मला दुसरं काही. नऊ वर्षांचा होतो ना! बाबा घरी आले आणि आईच्या खोलीला रंग काढायला घेतला. पिवळा. आई येणार म्हणून. मला ब्रश दिला, खालची भिंत तुझी म्हणाले. रंग वाळायच्या आत आई गेली."

मी बशीकडे बघत होते.

"बाबांना अजून वाटतं डॉक्टर चुकले. मी कधी बोललोच नाही. कसं बोलू? तेव्हापासून ठरवलं, बाबांपर्यंत काय जायचं ते मी बघणार. वाईट काही जाऊच द्यायचं नाही. पंचवीस वर्षं सांभाळलं मी, मॅडम! आणि तुम्ही आलात आणि पाच मिनिटांत..." वेटर येऊन उगाच टेबल पुसून गेला.

मी सॉरी म्हटलं. पहिलं वाक्य म्हटलं नाही ही माझी चूक, तुम्हाला फसवल्यासारखं झालं, हेही म्हटलं. सांगितलं ही चूक, असं मात्र म्हटलं नाही. त्यानेही तसं म्हणवून घेतलं नाही. उठताना म्हणाला, "तक्रार मागे घेतो. पण बाबांच्या तोंडाकडे बघवत नाही मला. हात हलताना दिसले की वाटतं, आज यातलं किती कमी झालं असेल."

आता एक गोष्ट मला माहीत आहे जी काकांना माहीत नाही. आणि ती मी सांगू शकत नाही, ती माझी नाहीच. काकांना बिनसाखरेचं आणून देणारी मी, आणि आता माझ्याच पदरात साखर बांधलेली! असा राग आला सगळ्याचा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमचा फोन – राहा. काम चालू कर. "आणि ते पहिलं वाक्य आता तळहातावर गोंदव." जीवात जीव आला. आईला सांगितलं तर म्हणते, पण गेलं काय होतं? तिला कधी काही सांगितलंच नव्हतं मी. मुकुलला काय नावं ठेवू!

संध्याकाळी काकांचा व्हिडिओ कॉल. नेहमीच्या रीतीने ऑफिसात नोंद केलीय म्हणाले. रविवारी, मुलुंडला, घरी.

"कोण येणार आहे काका? डॉक्टर?"

"कोणी नाही. मी आणि मुकुल."

मला कळेना. दोघांत इंटरप्रिटर कशाला? काहून? त्यांच्याहून चांगलं बोलणारं मी कोणी पाहिलेलं नाही!

काकांनी फोन टेबलाला टेकवला. दोन्ही हात हवेत ना त्यांना. सावकाश, एकेक खूण पुरी करून म्हणाले, "तो माझ्याकडे बघत नाही. पण त्याला कान बंद करता येत नाहीत. मला आवाज दे."

हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं, काय बोलणार ते विचारलंच नाही. विचारायचं नसतंच. पण मला माहीत असलेली ती गोष्ट तिथे निघाली तर? मुकुलने पाठ फिरवूनच तोंडाने सगळं सांगितलं, आणि पिवळ्या रंगाचं, ब्रशाचं, ते सगळं काकांना माझ्या हातांनी सांगायची वेळ आली तर? आधीच मोडत चाललेल्या माणसाला?

जानकीताईंना विचारलं, माणसाला सगळं कळलेलं बरं की नाही. "माकां विचारू नको गो," म्हणाल्या, आणि कांदा चिरायला लागल्या. बराच चिरला.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज पहिलं वाक्य म्हटलं. दोनदा. तोंडाने आणि हातांनी.

मुकुल खिडकीकडे तोंड करून उभा होता, आमच्याकडे पाठ. काका बोलले. मी आवाज दिला, 'मी' म्हणूनच –

"मुकुल, आई जाणार हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तुझे हात थरथरत होते. रंग मी आईसाठी नाही काढला, तुझ्यासाठी काढला. नसता काढला तर तुला कळलं असतं की मला कळलंय. नऊ वर्षांचा होतास तू रे. हे सांगायला मी पंचवीस वर्षं लावली. आता तेवढे हात नाहीत माझ्याकडे."

'रे' काकांनी म्हटलं नव्हतं. खुणेत 'रे' नसतो. तो माझा.

मुकुल वळला. बापाकडे बघत त्याने हात वर केले. मग माझं तिथे काही काम उरलं नाही. चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं.